सिअ‍ॅटल–अलास्का क्रूझ: सासूसासरे आणि दोन वर्षांची लेक सोबत. सी-पॅप, चातुर्मास, सकाळचा चहा, हँड जेट... कसं जमवायचं?

मृदगंध:

ऑगस्टमध्ये सिअ‍ॅटलहून सुटून सिअ‍ॅटललाच परत येणारी सात रात्रींची अलास्का क्रूझ घेतली आहे. जहाज रॉयल कॅरिबियनचं. आम्ही दोघं, दोन वर्षांची लेक आणि नगरहून आलेले सासूसासरे. दोन कॅबिन आहेत, एक बाल्कनीची आणि एक आतली.

बर्फ, देवमासे, कुठली टूर घ्यायची याची माहिती भरपूर मिळाली. रोजच्या राहण्याचं मात्र नीट कुणी सांगत नाही. माझे प्रश्न:

बाबा (सासरे) रात्री सी-पॅप, म्हणजे झोपेत श्वास अडकू नये म्हणून हवा देणारं मशीन, लावून झोपतात. मशीन पुण्यात घेतलेलं, तीन जाड पिनांचं. पलंगाजवळ सॉकेट असतं का? एक्स्टेन्शन बोर्ड नेला तर चालेल का? शिवाय ते इन्सुलिन घेतात, त्यासाठी कॅबिनमधला फ्रिज पुरेल का?

आई चातुर्मास पाळतात. कांदा, लसूण, वांगं बंद, आणि मधे एक एकादशी येते. एरवीही अंडं चालत नाही. त्यांना पहाटे साडेपाचला चहा लागतो, म्हणून छोटी किटली न्यावी असा विचार आहे.

संडासात हँड जेट नसणार हे गृहीत धरलंय. मग काय करतात?

लेक अजून डायपरमध्ये आहे. पूल, पाळणा, कपडे धुणं यांचं काय?

तारवाला:

विजेचं सांगतो, कारण सामान तपासताना सगळ्यात जास्त वस्तू याच कारणाने काढून घेतात.

एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नका. रॉयल कॅरिबियनने साध्या एक्स्टेन्शन वायरीही बंद केल्या आहेत. सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारा भाग) असलेला बोर्ड तर कुठल्याच मोठ्या कंपनीच्या जहाजावर चालत नाही. घरात एक वायर फेज आणि दुसरी न्यूट्रल असते, न्यूट्रल जमिनीशी जोडलेली. जहाजावर बहुतेक ठिकाणी दोन्ही वायरी जहाजाच्या सांगाड्यापासून अलग ठेवलेल्या असतात, म्हणजे दोन्हींत व्होल्टेज असू शकतं. घरगुती सर्ज प्रोटेक्टर या रचनेसाठी बनवलेला नसतो. त्यातला भाग अर्थिंगकडे गळती करत तापत राहतो, आणि बोर्डाचं बटण एकच वायर तोडतं, दुसरी तशीच जिवंत. समुद्रात आग ही सगळ्यात मोठी भीती, म्हणून हा नियम कडक पाळतात. सामानात बोर्ड सापडला तर तो काढून ठेवतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात.

कॅबिनमध्ये सहसा टेबलापाशी सॉकेट असतात: अमेरिकी चपट्या पिनांचे 110 व्होल्टचे आणि शेजारी युरोपियन दोन गोल पिनांचं 220 व्होल्टचं. नव्या जहाजांत पलंगाशेजारी यूएसबी मिळतं. जुन्या जहाजांत पलंगाजवळ काहीच नसतं.

सी-पॅपसाठी असं करा:

मशीनच्या अडॅप्टरवर "100–240V, 50/60Hz" छापलंय का ते आधी पाहा. बहुतेकांवर असतं. मग व्होल्टेज बदलणारा जड कन्व्हर्टर लागत नाही, फक्त पिन बदलायची. अडॅप्टरपासून भिंतीपर्यंतची वायर सहसा वेगळी निघते. तशाच तोंडाची, अमेरिकी पिनेची वायर घ्या, अगदी स्वस्त मिळते. भारतीय पिनेवर नुसतं पिन बदलणारं कनेक्टर लावूनही काम होतं, पण ते वजनाने सॉकेटमधून लोंबकळतं आणि रात्री जहाज हललं की सुटतं.

दुसरं, कंपनीचा खास गरजांचा फॉर्म निदान 30 दिवस आधी भरा. त्यात दोन गोष्टी स्पष्ट लिहा: सी-पॅपसाठी एक्स्टेन्शन वायर हवी, आणि डिस्टिल्ड पाणी हवं. वायर ते स्वतःची, जहाजावर चालणारी देतात. पाण्यासाठी 7 रात्रींना साधारण एक गॅलन पुरतं. कॅबिनमध्ये पोचल्यावर दोन्ही वस्तू दिसल्या नाहीत तर लगेच स्ट्युअर्डला, म्हणजे कॅबिनची देखभाल करणाऱ्या माणसाला, सांगा. रात्री अकराला सांगितलं तर शोधाशोध होते.

तिसरं, मशीन हातातल्या बॅगेतच ठेवा. बंदरावर दिलेल्या मोठ्या बॅगा कॅबिनपाशी यायला संध्याकाळ होते, कधी रात्रीचे आठही वाजतात.

फोन चार्ज करायला भिंतीत लागणारा, सर्ज प्रोटेक्शन नसलेला, तीन-चार तोंडांचा यूएसबी चार्जर न्या. तो चालतो.

किटली, इस्त्री, पाण्यात सोडायची हीटिंग रॉड, छोटा राइस कुकर: सगळं बंद. उदबत्ती, निरांजन, कापूरही. देवाजवळ लावायला बॅटरीचा दिवा मात्र नेता येतो.

अन्नपूर्णा_ठाणे:

चातुर्मासाचं जेवण जमतं, पण योग्य माणसाला, योग्य शब्दांत सांगावं लागतं. मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियावर जैन जेवण ठरलेलं असतं. अलास्काच्या जहाजावर ते मागून घ्यायचं.

बुकिंगमध्ये जेवणाच्या गरजा लिहायची जागा असते. तिथे नुसतं "व्हेजिटेरियन" लिहिलंत तर अंडं चालतं असा अर्थ घेतात. "जैन" लिहिलंत तर कांदा-लसूण जाईल, पण बटाटा, गाजर, बीटही जाईल आणि आईंच्या ताटात उगाच कमी पडेल. सरळ यादी द्या: मांस, मासे, अंडं नको. कांदा, लसूण, वांगं नको. बटाटा, दूध, दही, तूप चालेल.

वेळ निवडताना ठरावीक वेळेचं जेवण घ्या, 'हवं तेव्हा या' प्रकारातलं नको. ठरावीक वेळेत सातही रात्री तेच टेबल आणि तेच वाढणारे असतात. पहिल्या रात्री हेड वेटरला बोलावून यादी पुन्हा सांगा. मग रोज रात्री जेवण झाल्यावर तो दुसऱ्या दिवशीचं विचारून घेतो, कारण कांदा-लसणाशिवायची भाजी वेगळी फोडणी देऊन करावी लागते, ऐन वेळी होत नाही. स्वयंपाकघरात आणि वाढपात गोव्याचे, मुंबईचे, केरळचे लोक बरेच असतात. "नो अनियन नो गार्लिक" त्यांना दोनदा समजावावं लागत नाही. साधं वरण, जिरा भात, बटाट्याची किंवा फ्लॉवरची भाजी, पनीर, पोळीसारखं काहीतरी, हे बहुधा मिळतं. दुपारच्या जेवणाचीही सोय त्याच माणसाकडून करून घ्या. नाहीतर दुपारी बुफेवर अडचण होते.

कारण बुफेवरच्या "इंडियन" काउंटरच्या जवळजवळ प्रत्येक रश्श्यात कांदा-लसूण असतो, डाळीतही. तिथून आईंसाठी घ्यायचं ते साधा भात, उकडलेला बटाटा, वाफवलेल्या भाज्या, फळं, दूध.

शाकाहारी वाटणाऱ्या पण नसणाऱ्या गोष्टी: सूपचा स्टॉक बहुधा कोंबडीचा किंवा गोमांसाचा. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये मासे. वूस्टरशर सॉसमध्ये मासे. पन्ना कोटा, काही मूस, मार्शमेलो आणि काही फळांच्या दह्यांत जिलेटिन. ताज्या पास्त्यात अंडं. फ्रेंच फ्राइज ज्या तेलात तळतात त्यातच बऱ्याचदा चिकनही तळतात. आईंना हे चालत नसेल तर फ्राइज वगळा.

एकादशी: साबुदाणा, वरी जहाजावर नसते आणि शिजवायची सोयही नाही. घरून कारखान्यात पाकीटबंद केलेले राजगिरा लाडू, शेंगदाणा चिक्की, खजूर, भाजलेले मखाणे न्या. घरी केलेले पदार्थ चढताना अडवू शकतात, सीलबंद पाकिटं सहसा सोडतात. जहाजावरून उकडलेले बटाटे, साधं दही, केळी, दूध, बदाम मिळतात. सैंधव लागत असेल तर लहान पुडी ठेवा. जहाजावरची फळं मात्र बंदरावर उतरताना पिशवीत घेऊ नका. कॅनडा आणि अमेरिका दोन्हीकडे ताज्या फळांवर तपासणी असते.

आता चहा. किटली राहिली बाजूला, पण पहाटेचा चहा चुकत नाही. आदल्या रात्री खोलीत नाश्ता मागवायचा फॉर्म किंवा अ‍ॅप भरून ठेवा. साधा नाश्ता फुकट असतो, चहा त्यातच येतो. गरम पाण्याचा थर्मास, गरम दूध वेगळं आणि कप असं मागा. दूध "गरम" हे मुद्दाम लिहा, नाहीतर थंड क्रीमच्या डब्या येतात. साडेपाचला सेवा सुरू होत नसेल तर बऱ्याच जहाजांवर चोवीस तास उघडं असणारं कॅफे असतं, तिथे मशीनचं गरम पाणी मिळतं. ते पाणी उकळतं नसतं, त्यामुळे एका पिशवीचा चहा पांचट होतो. दोन पिशव्या, झाकण, पाच मिनिटं. चहाचा मसाला आणि कडक आसाम चहाच्या पिशव्या घरून न्या. तयार प्रीमिक्स नेणार असाल तर बिनसाखरेचं घ्या, बाबांना मधुमेह आहे.

निळी_लाट:

संडास. मोकळेपणाने लिहिते, कारण ज्येष्ठांची खरी कुचंबणा इथेच होते.

हँड जेट नसतो आणि नळाला जोडायचा जेट लावता येत नाही. नळाची जोडणी वेगळी असते आणि त्यात हात घालायचा नाही. उपाय सोपा आहे: प्रवासी बिडे म्हणून पिळायची बाटली मिळते, 400–500 मिली ची, वाकड्या नळीची. दोघांना दोन. प्लॅस्टिकचा हलका मगही ठेवा. बेसिन कमोडच्या जवळच असतं, त्यामुळे कोमट पाणी भरून घेता येतं. नंतर पुसायला कागद, आणि तो मोजकाच टाकायचा.

जहाजावरचा संडास पाण्याच्या लोटाने वाहत नाही, तो हवेने ओढून घेतो. झाकण लावून, उठून मग बटण दाबायचं, कारण खेच जोराची असते आणि आवाज मोठा. आईबाबांना पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा, लेकीला तर नक्कीच, नाहीतर ती घाबरते. त्यात फक्त अंगचं आणि टॉयलेट पेपर जायला हवं. बाळाचे वेट वाइप्स, सॅनिटरी पॅड, डायपरचा तुकडा टाकला तर नळी अरुंद असल्याने तुंबते आणि एकाच ओळीतल्या अनेक कॅबिनचे संडास एकदम बंद पडतात. "फ्लशेबल" लिहिलेले वाइप्सही त्यातच आले.

बाथरूमचा उंबरा उंच असतो, बऱ्याच जहाजांवर चार ते सहा इंच. रात्री झोपेत उठणाऱ्या बाबांचा पाय तिथेच अडकतो. बाथरूमचा दिवा लावून दार किंचित उघडं ठेवा, किंवा बॅटरीवरचा हालचाल ओळखणारा छोटा दिवा लावा. आतल्या कॅबिनला खिडकीच नसते, त्यामुळे तिथे दिवसाही मिट्ट काळोख होतो. बाबांना बाल्कनीची कॅबिन देऊन आतली तुम्ही घ्या, असं माझं ठाम मत आहे. एक तर उजेड, दुसरं म्हणजे हिमनदी आली की त्यांना डेकवर जिने चढत जायला नको. कुठल्या बाजूची बाल्कनी यावर डोकं शिणवू नका. हिमनदीसमोर जहाज सावकाश वळतं, दोन्ही बाजूंना दिसतं.

आंघोळीला बसायला स्टूल लागत असेल तर तोही त्याच 30 दिवसांच्या फॉर्ममध्ये मागता येतो. बादली-तांब्या मिळत नाही. शॉवर बहुधा हातात धरता येतो.

साध्या कॅबिनचं दार 22–23 इंच रुंद असतं. बाबांसाठी व्हीलचेअर नेणार असाल तर घडीची, अरुंद पाहा. बाबागाडीचंही तेच. कॉरिडॉरमध्ये ठेवू देत नाहीत.

मृदगंध:

खूप खूप आभार! कॅबिनची अदलाबदल करतोच. इन्सुलिनचं आणि लेकीचं कुणी सांगाल का? बाबा सकाळ-संध्याकाळ मिक्स इन्सुलिनचं पेन घेतात.

डॉ_सह्याद्री:

कॅबिनमधल्या छोट्या फ्रिजवर विसंबू नका. तो बहुधा पेयं गार ठेवणारा कूलर असतो. न उघडलेल्या इन्सुलिनला 2 ते 8 अंश सेल्सियस लागतं, आणि त्या कूलरचं तापमान बऱ्याचदा त्याच्या वर असतं. औषधांसाठी वेगळा फ्रिज त्याच फॉर्ममध्ये मागून ठेवा.

पण आधी पेनच्या पाकिटावरची सूचना वाचा. वापरात असलेली बरीच पेनं 30 अंशांखाली चार आठवडे बाहेर चालतात. काही मिक्स पेनं मात्र दहाच दिवस. दोन्ही धरलं तरी सात रात्रींसाठी निघताना नवं उघडलेलं पेन कॅबिनमध्येच, उन्हापासून दूर, ड्रॉवरमध्ये ठेवता येतं. कॅबिन वातानुकूलित असते. फ्रिज लागतो तो राखीव पेनांना. बर्फाच्या बादलीत पेन खोचू नका. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं आणि वरून पाहून कळेलच असं नाही.

फ्रिजपेक्षाही जपायचं ते वेळेला. मिक्स इन्सुलिन सहसा जेवणाआधी घेतात. जहाजावरच्या डायनिंग हॉलमध्ये ऑर्डर दिल्यापासून पहिला पदार्थ यायला 20–30 मिनिटं सहज लागतात, मुख्य ताट आणखी उशिरा. कॅबिनमध्येच टोचून निघालात तर साखर घसरू शकते. पेन सोबत न्या, वेटरला सांगा की बाबांचं सूप किंवा भात आधी आणा, आणि किती मिनिटं आधी टोचायचं हे त्यांच्या डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारून घ्या. ब्रेडची टोपली लगेच येते, ती हाताशी असू द्या. बंदरावर उतरताना खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखरेच्या पुड्या.

अलास्काचं घड्याळ सिअ‍ॅटलच्या एक तास मागे आहे. जहाजाची वेळ बदलते त्या दिवशी डोसमधलं अंतर तपासा. वापरलेल्या सुयांसाठी स्ट्युअर्डकडे टणक डबा मागा, कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका.

बोट लागणं: सिअ‍ॅटलहून सुटणारी जहाजं बहुतेक वेळा व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, खुल्या समुद्रातून जातात. व्हँकुव्हरहून सुटणारी आतल्या शांत खाडीतून जातात, म्हणून तिकडचे लोक "काहीच हललं नाही" म्हणतात. तुमच्याकडे पहिली रात्र आणि दुसरा दिवस हलण्याचा. गोळी त्रास सुरू झाल्यावर नव्हे, पहिल्या संध्याकाळीच घ्यायची. पण अ‍ॅव्होमिन किंवा मेक्लिझिन ज्येष्ठांना गुंगी आणते, तोल जातो. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. हिरवं सफरचंद, कोरडी बिस्किटं यांना सहसा आडकाठी नाही. आलेपाकात साखर असते, तो बाबांना जपून.

जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर आणि नर्स असतात, पण फी अमेरिकी दराने थेट तुमच्या खात्यावर लागते. आईबाबांच्या प्रवास विम्यात समुद्रातून हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च धरलाय का ते पॉलिसीत शोधा. आधीपासूनच्या आजारांची अटही वाचा.

आणि जेवणाआधी साबणाने हात. जुलाब-उलट्यांच्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही.

चिमणी_घरटं:

लेकीबद्दल: डायपर घातलेलं मूल मोठ्या पूलमध्ये किंवा जकुझीत घेत नाहीत, पोहण्याचं डायपर असलं तरीही. हा अमेरिकी आरोग्य खात्याचा नियम आहे, कर्मचाऱ्यांशी वाद घालून फायदा नाही. काही जहाजांवर बाळांसाठी वेगळी पाण्याची जागा असते, तुमच्या जहाजाच्या डेक प्लॅनवर पाहा. मुलांचा क्लब 3 वर्षांपासून, तोही संडासला स्वतः जाणाऱ्या मुलांना.

पाळणा फुकट मिळतो, पण आधी मागून ठेवा. तो उघडला की आतल्या कॅबिनमध्ये चालायला जागा उरत नाही, म्हणून मोठ्या बॅगा पलंगाखाली सरकवा. डायपर, वाइप्स, लेकीची औषधं पूर्ण आठवड्याची न्या. जहाजावरच्या दुकानात मिळतील याचा भरवसा नाही.

कपडे: रॉयल कॅरिबियनवर स्वतः धुवायची मशीन नसतात. कार्निव्हल, प्रिन्सेसवर असतात. इथे आठवड्यात एखाद्या दिवशी एका पिशवीत मावतील तेवढे छोटे कपडे ठरावीक दरात धुऊन देतात, त्याची चिठ्ठी कॅबिनमध्ये येते. रोजचं लेकीचं लहानसहान बेसिनमध्ये धुवा आणि शॉवरमध्ये ओढायची दोरी असते तिच्यावर टाका. कॅबिनच्या भिंती लोखंडी असतात, चुंबकाचे आठ-दहा हुक न्या. टोप्या, जॅकेट, ओळखपत्राच्या दोऱ्या सगळं टांगता येतं.

जहाज सुटण्याआधी प्रत्येकाने आणीबाणीत जमायच्या आपल्या जागी जाऊन हजेरी द्यायची असते. तिथेच लेकीसाठी लहान लाइफ जॅकेट मागा आणि तिच्या मनगटाला पट्टी बांधून घ्या. बाबांना जिने झेपत नसतील तर तेही तिथेच नोंदवा. आणीबाणीत लिफ्ट बंद असतात.

हिशेबी_कोथरूड:

पैशांचं थोडक्यात. टिप रोज माणशी 18–19 डॉलरच्या आसपास आपोआप लागते, सात रात्रींचे माणशी 130 धरा. जहाजावरच्या खात्याला क्रेडिट कार्ड जोडा. डेबिट कार्ड दिलंत तर रोजची रक्कम बँकेत अडकवून ठेवतात आणि सुटायला उतरल्यानंतरही काही दिवस लागतात.

सगळ्यांचे फोन चढतानाच फ्लाइट मोडवर टाका, वाय-फाय तेवढं चालू. जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं. बाबांचा भारतीय सिम त्याला चिकटला तर रोमिंगचं बिल भरमसाट येतं. जहाजाचं अ‍ॅप, त्यातलं वेळापत्रक, जेवणाची वेळ हे इंटरनेट पॅकेज न घेताही चालतं. पॅकेज घ्यायचंच असेल तर निघण्याआधी घ्या, जहाजावर महाग पडतं. जूनो, केचिकन या अलास्कातल्या बंदरांवर अमेरिकी सिमला रेंज मिळते, घरी फोन तिथून करा.

आणि मृदगंध, एक विचारायचं राहिलंय: आईबाबांचा कॅनडाचा व्हिसा झालाय का? सिअ‍ॅटलहून सुटणारं परदेशी झेंड्याचं जहाज 1886 च्या अमेरिकी कायद्यामुळे मधे एखाद्या परदेशी बंदराला लावावंच लागतं, म्हणून बहुतेक सगळी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. आईबाबा तिथे जहाजातच बसून राहणार असले तरी भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो, नाहीतर सिअ‍ॅटललाच चढू देत नाहीत. तुम्ही दोघं एच-1बी वर असाल तर तुम्हालाही. ग्रीन कार्ड असेल तर पासपोर्ट आणि कार्ड पुरतं. बोटांचे ठसे देऊन पासपोर्ट परत यायला आठवडे जातात, आजच अर्ज करा.

मृदगंध:

आमचं ग्रीन कार्ड आहे, पण आईबाबांचा व्हिसा लक्षातच नव्हता! आत्ता अर्ज उघडलाय. जेवणाची यादी, सी-पॅपची वायर, पाणी, औषधांचा फ्रिज, शॉवरचं स्टूल आणि पाळणा आज रात्रीच कंपनीला कळवते.

तारवाला:

कळवल्यावर उत्तराची ईमेल छापून हातातल्या बॅगेत ठेवा. स्ट्युअर्डला तोंडी सांगण्यापेक्षा ती दाखवली की वस्तू लवकर येते. कॅबिन अदलाबदल करणार असाल तर तेही आधीच कंपनीकडून बुकिंगमध्ये करून घ्या, नाहीतर वायर आणि पाणी जुन्या नंबरच्या खोलीत जाऊन पडेल.